ताईंना राग येत नाही

खुर्ची ही बसण्याची वस्तू आहे, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण माळ्यावरची बॅग काढायची होती, शिडी शेजाऱ्यांकडे होती, आणि शेजाऱ्यांशी त्या आठवड्यात आमचं बोलणं बंद होतं. म्हणून मी सासऱ्यांच्या वेताच्या खुर्चीवर चढलो. बॅग हाताला लागली न लागली तोच खाली कर्रकन आवाज झाला आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत खुर्चीतून आरपार गेला. बॅग डोक्यावर, खुर्ची पायात. बायको धावत आली. तिनं आधी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हा क्रम मी विसरलेलो नाही. वडिलांनी त्या खुर्चीवर हयात काढली, जावयाला ती पाच मिनिटं पेलवली नाही, एवढंच ती म्हणाली. शेवटी पाय सोडवायला त्याच शेजाऱ्यांना हाक मारावी लागली. त्यांनी पाय सोडवला आणि शिडीही परत केली.

खुर्ची घेऊन मी मिस्त्रींच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे टायरवाल्याच्या पलीकडची एक लांबट पत्र्याची शेड. आत सरसाचा वास, पायाखाली भुसा, आणि छतापर्यंत रचलेल्या तुटक्या खुर्च्या, जणू काही सगळ्या गावानं एकाच दिवशी माळ्यावरच्या बॅगा काढल्या होत्या. मिस्त्री म्हणजे एक खांदा उतरलेला, कानावर पेन्सिल ठेवून तीच पेन्सिल दिवसभर शोधणारा माणूस. कुठलंही काम सांगा, तो डोळे मिटून "होऊन जाईल" म्हणायचा. कधी, हे मात्र कधी म्हणायचा नाही.

वेताचं काम तो स्वतः करत नसे. शेडच्या मागच्या बाजूला, खिडकीखाली, एक बाई बसलेल्या असत. पन्नाशीच्या पुढच्या, किरकोळ अंगाच्या, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. शेजारी पाण्याचं घमेलं, त्यात भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या. खुर्चीच्या चौकटीला भोकं असतात. त्यातून ओली पट्टी ओवायची, ताणायची, लाकडी खुंटी ठोकून धरून ठेवायची, मग आडवी, मग तिरपी. सगळे त्यांना ताई म्हणत. मिस्त्रीही, जरी तो त्यांच्याहून मोठा होता.

इतकं सुबक काम कुठे शिकल्या, असं मी मिस्त्रीला विचारलं.

"आत शिकल्या," तो म्हणाला.

"आत म्हणजे? कुठली संस्था?"

"सरकारी आहे. राहून-खाऊन शिकवतात. पण सुट्टी देत नाहीत."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. पडला तेव्हा मी आवाज खाली आणून विचारलं, चोरी वगैरे का? मिस्त्रीनं पेन्सिल कानावरून काढली, तिच्याकडे पाहिलं, परत ठेवली. नवऱ्याला मारलं होतं म्हणाला. म्हणजे जिवानिशी. इस्त्री घातली डोक्यात. आणि वर, मला धीर द्यावा तसं, म्हणाला, "पण तुम्ही घाबरू नका साहेब. ताईंना राग येत नाही."

खून करणारी बाई कशी असते याचं एक चित्र माझ्या डोक्यात तयार होतं. तुमच्याही असेल. लाल डोळे, जाड मनगटं, केस सुटलेले. ते चित्र घेऊन मी खिडकीखाली पाहिलं, तर तिथे माझ्या आतेबहिणीसारखी दिसणारी एक बाई माझ्या सासऱ्यांच्या खुर्चीतले तुटलेले तुकडे चिमट्यानं वेचत होती. त्याच दिवशी टेम्पोवाल्यानं एक फळी आणली आणि ती सरळ ताईंच्या पुऱ्या झालेल्या खुर्चीवर टेकवली. दोन दिवसांची जाळी टरकन फाटली. मिस्त्रीनं टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ताई म्हणाल्या, "असू दे," आणि खुंट्या काढायला लागल्या.

मला काय वाटलं ते सांगतो. बरं नाही वाटलं. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

माझी खुर्ची "होऊन जाईल"च्या गतीनं चालली होती, त्यामुळे मला खेपा पडू लागल्या. पुढे पुढे मी खेपा घालू लागलो. बायको म्हणाली, खुर्ची परत आणायला जातोस की तिथे नोकरीला लागलास? खरं तर ताई बोलत नसत. पण हात चालू असले आणि आपण गप्प बसून राहिलो, तर त्यांच्या तोंडून एखादं वाक्य सुटायचं.

आतल्या गोष्टी त्या अशा सांगायच्या, जसं एखादी बाई माहेरच्या सांगते. त्यांच्या कोठडीत एक भडकाबाई होती. नाव दुसरंच होतं, पण म्हणायचे भडकाच. नळावरच्या भांडणात तिनं शेजारणीच्या पोटात विळा घातला होता. सकाळी उठल्या उठल्या तिची पहिली शिवी पहाऱ्यावरच्या बाईला, दुसरी चहाला, तिसरी देवाला. ताट फेकायची, चावायची, आणि मग जेवून अशी घोरायची की भिंत हलावी. मी म्हटलं, भीती नाही वाटली तिची? ताई म्हणाल्या, सगळ्यांना तिच्याजवळच बरं वाटायचं. "तिला राग यायचा आणि जायचा. माझा यायचा आणि राहायचा."

तिथे एक डॉक्टरीणबाई येत. मनाच्या. बायकांच्या हातून असं का होतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. एकेकीला समोर बसवून विचारायच्या. राग आला की काय करता? भडकानं डॉक्टरीणबाईंनाच प्रात्यक्षिक दाखवलं. मग ताईंची पाळी आली.

"मी सांगितलं, भांडी घासते."

"मग?" मी म्हटलं.

"मग त्या म्हणाल्या, आणि जास्तच आला तर? म्हटलं, घासलेली भांडी पुन्हा घासते."

मी हसलो. त्याही थोडं हसल्या. त्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं होतं म्हणे, आणि तुम्हाला लहानपणी रागावायला कुणी बंदी केली होती का, असं विचारलं होतं. ताईंना तो प्रश्न कळलाच नव्हता. घरात थोरली मुलगी त्या. धाकटी भावंडं रडायची, आई कावायची, बाप ओरडायचा. कुणीतरी गप्प राहायला हवं होतंच ना. ही किती गुणाची, असं सगळे म्हणायचे. गुणाच्या मुलीला स्थळही गुणाचं मिळालं.

नवऱ्याबद्दल त्या वाईट बोलल्याचं मला आठवत नाही. दारू नाही, मारहाण नाही, बाहेरचं काही नाही. घड्याळं दुरुस्त करायचा. हौशी, हसरा, चार माणसांत बसला की मैफल त्याची. सगळं गाव त्याच्यावर खूश. असा माणूस कुणी मारतं का? कोर्टातही सगळ्यांनी हेच विचारलं. ताईंच्या वकिलानं हात टेकले होते. बाई, नुसतं एवढं म्हणा, अमुक एका गोष्टीनं रागाच्या भरात झालं. शिक्षा कमी होईल. ताईंनी उभं राहून सांगितलं, "मला राग आला नव्हता." झालं. थंड डोक्यानं केलं असं ठरलं, आणि शिक्षा मोठी झाली.

आता मी काय केलं ते सांगायला हवं. एका दुपारी मिस्त्री बिलासाठी एका गिऱ्हाइकाकडे गेला होता. दुकानातला रंगारी आणि टेम्पोवाला चहा पीत बसले होते, आणि मला सुचलं मिस्त्रीची नक्कल करायचं. एक खांदा पाडला, कानावर पेन्सिल ठेवली, तीच शोधली, डोळे मिटून म्हटलं, "होऊन जाईल." टेम्पोवाल्याच्या नाकातून चहा आला. मी आणखी खुललो. पाहतो तर खिडकीखालची जागा रिकामी. ओली पट्टी चौकटीत तशीच अर्धी लोंबत होती. ताई कधीच काम अर्धं टाकून उठत नसत.

त्या मागच्या अंगणात नळाखाली घमेलं घासत होत्या. घमेलं स्वच्छ होतं.

मी माफी मागितली. कशाची, ते मला माहीत नव्हतं. त्यांनी नळ बंद केला आणि मागे न वळता सांगायला लागल्या. तेवढं एकदाच सांगितलं, पुन्हा नाही.

नवरा नकला करायचा. हुबेहूब. सगळ्यांच्या करायचा, पण बायकोची त्याची खास. ताई कशा अडखळत बोलतात, ताई पाहुण्यांसमोर कशा बावरतात, बाळंतपणात कशा ओरडल्या. लोक पोट धरून हसायचे. ताईही हसायच्या, कारण न हसणाऱ्या बायकोची तो लगेच दुसरी नक्कल करायचा. ताईंची आई गेली तेव्हा त्या दारात कोसळून रडल्या होत्या. महिनाभरानं त्या रडण्याचीही नक्कल झाली. त्यानं वाईट हेतूनं नाही केली, हे ताईंनी मला दोनदा सांगितलं. त्याला वाटायचं, हसली की दुःख हलकं होईल.

त्या दिवशी घरी पाहुणे होते. ताई कोपऱ्यात इस्त्री करत होत्या. त्यानं मुलीला, त्यांची एकुलती एक, तेव्हा सहा वर्षांची, तिला टेबलावर उभं केलं आणि म्हणाला, आई आजी गेली तेव्हा कशी रडली, दाखव. पोरीनं दाखवलं. तोंड वेडंवाकडं करून, ऊर बडवून, अगदी तंतोतंत. टाळ्या पडल्या. ताईही हसल्या. पाहुणे गेले, पोर झोपली. नवरा जवळ आला आणि कौतुकानं म्हणाला, "पाहिलंस? माझ्या वरताण निघाली."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

"मग कोर्टात हे का नाही सांगितलं?"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. शहाणासुरता माणूस आणि असं विचारतो, असं ते बघणं होतं. सांगितलं असतं तर कागदावर आलं असतं. कागद राहतात. पोर मोठी झाली असती, कुणीतरी तिला वाचून दाखवलं असतं की बाप तुझ्या नकलेपायी गेला.

पोरीला तिच्या आत्यानं वाढवलं. ताई सुटून आल्या त्यालाही वर्षं झाली, पण लेक कधी भेटायला आली नाही. तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, हे ताईंना तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आणि मग एक दिवस आत्याचा निरोप आला मिस्त्रीच्या फोनवर. लेक येतेय. तिला एक गोष्ट विचारायची आहे.

ताईंनी त्या आठवड्यात चार खुर्च्या विणल्या. एकही नीट झाली नाही.

मी त्यांना माझ्या परीनं समजावलं. लेक आपण होऊन येतेय. हे दार एकदाच उघडतंय. तिला जे घडलं ते सांगा, त्या नकला, ते रडणं, सगळं. ती बाई आहे, आई आहे, तिला कळेल. कळलं की ती जवळ येईल. यात न कळण्यासारखं काय आहे? ताई ऐकून घेत होत्या, जसं टेम्पोवाल्याचं ऐकून घ्यायच्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, ती आली की तुम्ही इथंच बसा. एकटी असले तर खरं बोलून बसेन."

म्हणून मी होतो. खुर्च्यांच्या ढिगामागे, हातात सरसाचा डबा घेऊन, काहीतरी चिकटवत असल्याचं सोंग करत. दोन खुर्च्या मी अशा चिकटवल्या की त्या मिस्त्रीला पुढे करवतीनं सोडवाव्या लागल्या.

लेक आली. उंच, घाईघाईनं चालणारी, खांद्यावर मोठी पर्स. दारात थांबली. ताई उठल्या नाहीत. गुडघ्यावर चौकट होती, ती त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. लेकीनं स्टूल ओढलं आणि बसली. आई म्हणाली नाही. इकडच्या तिकडच्या दोन वाक्यांनंतर ती एकदम मुद्द्यावर आली.

"मला मुलगी आहे. साडेचार वर्षांची. परवा तिनं माझी नक्कल केली. मी फोनवर कशी चिडते त्याची. आणि माझा हात उठला."

ताईंनी विचारलं, "पडला का?"

"नाही. पण उठला."

"तू चिडतेस का गं घरात?"

"चिडते म्हणजे काय! ओरडते. आदळआपट करते. नवरा म्हणतो, बिल्डिंगला कळतं."

"सगळ्या बिल्डिंगला?"

"अगदी गच्चीपर्यंत."

ताईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. एखाद्या आईला लेक परीक्षेत पहिली आल्याचं कळावं, तसं. "मग भिऊ नकोस," त्या म्हणाल्या. "ओरडत जा. खूप ओरडत जा. तुझ्या हातून काही होणार नाही."

लेक क्षणभर गोंधळली. अशा उत्तराला ती आली नव्हती. तिनं पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. मग हळू आवाजात बोलायला लागली. त्या दिवशी पाहुणे होते ना. मला टेबलावर उभं केलं होतं. मी तुझी रडण्याची नक्कल केली होती. सगळे हसले, तू पण हसलीस. मला सगळं आठवतं. तेव्हापासून मला धड झोप नाही. डोळा लागला की ते टेबल येतं. "मला एवढंच सांग. माझ्यामुळे झालं का?"

मनातल्या मनात मी ताईंना ढकलत होतो. बोला, आता तरी बोला.

"तुझ्यामुळे?" ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका सपाट होता की मलाही खरा वाटला. "ते टेबलाचं निराळ्या दिवशी. त्याच्या बऱ्याच आधी. त्या दिवशी तू पाहुणे यायच्या आत झोपली होतीस. तुला ताप होता."

"मला आठवतंय."

"सहा वर्षांच्या पोराला काय आठवतं? दोन दिवसांचा एक दिवस होतो. मी तिथे होते ना. तुझा काही संबंध नाही."

लेकीचे खांदे खाली आले. खरंच खाली आले, ओझं उतरवल्यासारखे. तिनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पहिल्यांदा आईकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता ही हात पुढे करणार. ताईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी चौकट बाजूला ठेवली.

"मग का मारलंस त्यांना?"

ताईंनी चौकट परत गुडघ्यावर घेतली.

"त्यांनी तुला काही केलं होतं?"

"नाही. चांगला माणूस होता."

"मग?"

"असंच," ताई म्हणाल्या.

लेक उठली. तिचा चेहरा मिटत गेला. "असंच," ती म्हणाली. "माझ्या बापाला. असंच." मग तिनं आवाज चढवला, आणि जे जे काय इतकी वर्षं साठलं होतं ते ते बोलली. टायरवाला पंप बंद करून दारात आला. ताई मान खाली घालून ऐकत होत्या. मधेच एकदा मान हलवली, हो, बरोबर आहे, अशी. बोलणं संपलं तेव्हा लेक धापा टाकत होती. पर्स उचलून ती निघून गेली. स्टूल आडवं पडलं ते तसंच राहिलं.

मी ढिगामागून बाहेर आलो. हाताला सरस, डोळ्यांना काय ते सांगत नाही. ताईंनी घमेल्यातून नवी पट्टी काढली होती, पण ती भोकात जाईना. मला राहवलं नाही. मी म्हटलं, ताई, हे काय केलंत? दोन वाक्यं खरी बोलला असतात तर ती तुमची झाली असती. आता ती पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही.

ताईंनी पट्टी पाण्यात परत टाकली.

"नाही आली तरी चालेल," त्या म्हणाल्या, "झोपू तर दे तिला."